जलेबीचा डबा देवापुढे ठेवला नाही

ता. ४, मंगळवार
आले: मूगडाळ २ कि., २४०. गूळ १ कि., ६०. तेल नाही आणलं, आहे ते पुरवायचं. शिवाय खव्याच्या जलेबीचा डबा. किंमत अजून कळली नाही.
डबा सॉफ्टवेअर कंपनीच्या इंजिनियरने ह्यांच्या हाती दिला. ऑफिसात जुन्या मोठ्या कॉम्प्युटरवर सगळ्या कामगारांचा पगार निघतो, तो प्रोग्राम कंपनीने नव्याने केला. ह्यांनी ‘तपासला, बरोबर आहे’ म्हणून सही द्यायची.
घरात आलेलं आधी देवापुढे जातं. हा डबा चपलांच्या फळीवर ठेवला. ह्यांनी पाहिलं आणि पाय धुवायला गेले.

ता. ५, बुध.
विचारलं, खरंच बरोबर आहे का?
"रात्रपाळीचा भत्ता सुटून राहिला."
मग दुरुस्त करा की. तर प्रोग्रामचं मूळ लिखाण कंपनीकडे, ऑफिसात नुसती चालती प्रत. चूक दिसते, हात लावता येत नाही. उभी नोकरी त्या मशीनपाशी गेली माणसाची. कंपनी म्हणते आधी सही, मग दुरुस्ती.
मी ब्लाऊजसुद्धा घालून पाहिल्याशिवाय शिलाई देत नाही.

ता. ७, शुक्र.
इंजिनियर घरी. पोरगा बरा, दमलेला. पोहे दिले, पाहुणा तो पाहुणा.
"आंटीजी, अंकलजी को समझाइए. छोटी-सी कमी है, बाद में ठीक कर देंगे."
"भैया, तुम्हारी तनखा में कमी हो तो बाद में चलेगा?"
हसला. म्हणे, भत्त्याचा तो भाग आम्हीही दुसऱ्या कंपनीकडून करवला, ते फोन उचलत नाहीत. म्हणजे याच्याही हातात काही नाही.
जाताना डबा परत दिला.
"खाया नहीं?"
"भगवान को नहीं दिखाया, तो कैसे खाते."
हे म्हणतात अपमान केला. केला असेल.

ता. ८, शनि.
मोठे साहेब ह्यांना म्हणाले, "साइन नहीं करते तो पुराने प्रोग्राम से आप ही तनखा निकालिए." जुना आहे, पण पगाराचे नवे दर त्यात कुठे बसवायचे ते वानखडे भाऊजींनाच ठाऊक. ह्यांच्याच ऑफिसातले, त्यांनीच लिहिलेला. रिटायर होऊन नागपूरला.
"सोमवारी करून टाकतो सही. वर्षच राहिलं माझं."
"करा. मग कशावर केली ते देवापुढे उभं राहून सांगा."
भाजी तशीच उरली.

ता. ९, रवि.
ग्वारीघाट, शेअर ऑटोने. नर्मदामाईत बुडी मारून वर आले आणि म्हणाले, "नाही करत सही. पोस्टकार्ड आहे का घरी?"
होतं. भाऊजींना ऐकू कमी, फोन घेत नाहीत, कार्डाला मात्र उत्तर देतात. मजकूर ह्यांचा, या आणि जुन्यात नवे दर बसवून द्या असा; अक्षर माझं. शेवटच्या दोन ओळी माझ्या:
भाऊजी, हे उद्या साहेबांना नाही म्हणणार, तुम्ही या नाहीतर न या. घ्यायला स्टेशनवर मी येईन, पथ्याचं मी करीन, फक्त कोणत्या गाडीने ते उलट टपाली कळवा.