उजवीकडची पेटी

सुकापूर,
८ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज रविवार. सकाळी पाणी भरले, मोटरसायकल पुसली आणि दुपारपर्यंत तिच्या मागच्या चौकटीचे काम केले. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पत्रच लिहितो.

सुक्या मासळीची एक पिशवी भावना मागे बसून मांडीवर धरायची, दुसरी माझ्या पुढे टाकीवर असायची. आता धरायला कोणी नाही. म्हणून जुन्या खिडकीचे चौकोनी पाइप कापून दोन्ही बाजूंना पेट्या अडकवायची चौकट केली. वेल्डिंग गॅरेजमध्ये करून घेतले. उजवीकडे सायलेन्सर असल्याने चौकट बरीच बाहेर काढावी लागली, नाहीतर बोंबील पेटीतच भाजले असते. ती बाजू झाली. डावीकडची चौकटही तयार आहे, पण बसवलेली नाही. तिचे बोल्ट नेमके साडीगार्डाच्या जागी येतात. ते काढावे लागेल, आणि मागे बसणाऱ्याच्या पायांची जागाही जाईल.

डिसेंबरात भावना गेली, त्यानंतर या मंगळवारी पहिल्यांदाच मासळी विकायला उलव्याला फेरी केली. एकाच पेटीने. गाडी सारखी उजवीकडे ओढत होती. तिथल्या नेहमीच्या गिऱ्हाईक प्राचीताईंनी विचारले की वहिनी दिसत नाहीत. मी सांगितले, माहेरी गेली आहे. असे का सांगितले ते मला कळत नाही. त्यांनी तिच्यासाठी मेथीचे लाडू दिले. डबा ओट्यावर आहे.

बाकी ठीक. तुझी माया आहे, ती असू दे.

तुझा,
आनंदा


करंजा,
१२ फेब्रुवारी २०२६

चि. आनंदास,
अ. उ. आ.

तुजे पत्र मिलाले. आमी बरे हाव. माजा गुडघा सोडून सगले बरे.

एका कानात बुगडी घातलेल्या नवरीसारखी गाडी घेऊन फिरतोस, लोक हसले नाय का रे? मानूस सोपी बाजू आधी करतो. तू सायलेन्सरची अवघड बाजू केलीस आनि सोपी ठेवलीस. का ठेवलीस ते पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर समजले. मग थोडा वेल चष्मा काढून बसले.

पन माहेरी गेली म्हनून सांगितलेस, ते बरे नाय केलेस. तिचे माहेर आमच्या पलीकडच्या आलीत. तिची आई रोज संध्याकाली माज्या वट्यावर येऊन बसते. तिला सांगू का, तुजी लेक आली हाय म्हनून? ते गिऱ्हाईक लाडू परत मागनार नाय, पन वहिनीला मागेल. दर मंगलवारी मागेल. तू किती दिवस तिला माहेरी ठेवशील?

इकडे बोंबील सुकून तयार हायेत. व्यापारी दोनदा येऊन गेला. तू फेरी बंद करनार असशील तर तसे सांग, त्याला देऊन टाकते. पन मग तू घरात भिंतीकडे बघत बसशील, ते मला नको. बसायचेच असेल तर हितं ये, मागची खोली रिकामी हाय. रूपा पन तेच बोलते. सून असून सासूचे म्हनने उचलून धरते, बघ जरा.

तुज्यावर रागावले तरी आशीर्वाद हायेतच.

तुजी ताई,
दमयंती


सुकापूर,
१७ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज सकाळी डावी चौकट बसवली, दहाच्या सुमारास उलव्याला गेलो, चारला परत आलो.

साडीगार्डाचे बोल्ट गंजले होते. पाना घसरून बोट थोडे सोलले, काळजी नको. गार्ड काढून ठेवले आहे. भंगारात दिले नाही. दोन्ही पेट्या लावल्यावर गाडी सरळ चालते. इतकी सरळ चालेल असे वाटले नव्हते.

प्राचीताई खाली आल्या. गाडीकडे बघून हसत म्हणाल्या की भाऊ, सगळीकडे पेट्याच लावल्यात, वहिनी आल्यावर बसणार कुठे. मी सांगितले, ती डिसेंबरातच वारली, मागच्या वेळी मी खोटे बोललो. त्यांनी पेटीचे झाकण उघडले. मग नेहमीप्रमाणे विचारले, सुकटात वाळू नाही ना. याचे उत्तर भावना द्यायची. मी म्हणालो, माझी ताई वाळूवर सुकवत नाही, जाळीवर सुकवते. त्यांनी सुकट घेतले, आणि लाडू तुम्हीच खा म्हणाल्या.

पुढच्या इमारतीखाली कोणीच आले नाही. वॉचमन म्हणाला, काका, वहिनी आवाज द्यायच्या, नुसत्या हॉर्नला इथे कोण उतरतंय. मी आवाज दिला. पहिला माझा मलाच ऐकू आला नाही. दुसऱ्यांदा दिला तेव्हा वर एक खिडकी उघडली.

व्यापाऱ्याला माल देऊ नकोस. शनिवारी मी न्यायला येतो. राहायला मात्र येणार नाही, रूपाला वाईट वाटू देऊ नकोस. भावनाच्या आईला माझा नमस्कार सांग. त्यांना भेटायला येईन.

रागावत जा, मला बरे वाटते. पेट्यांना वास राहिला आहे, खाली नळावर नेऊन धुतो.

तुझा,
आनंदा