दिवा नंबर नऊखालचे आबा

चोपडा, सोमवार

ती. ज्योतीअक्कास,

हितेंद्रचा साष्टांग नमस्कार (नुकताच जेवलो आहे, म्हणून मनातल्या मनात). भाविकाचा खोकला थांबला का? दाजींची कंबर? आबांना तुझ्याकडे शिंदखेड्याला येऊन आज चौथा दिवस. जेवतात ना नीट? माझा फोन उचलत नाहीत, म्हणून तुला विचारतो.

त्यांनी तुला काय सांगितलं ते ठाऊक नाही, पण झालं ते असं. माझी पीएचडी आहे ती बंद इमारतीत माणूस कुठे आहे, हे दिव्याच्या उजेडावरून ओळखण्याची. (आई शेजारणींना 'लाइटचं काहीतरी' एवढंच सांगते, आणि माझ्या गाईडलाही त्यापुढे फारसं सांगता येत नाही.) आपल्या कोल्ड स्टोरेजच्या जाड भिंतींत मोबाइलचा नकाशा आंधळा होतो, म्हणून मी तिथे बारा एलईडी लावले. प्रत्येक दिवा सेकंदाला हजारो वेळा लुकलुकून आपला नंबर सांगत असतो. आपल्या डोळ्यांना तो नुसता उजेड. पण टोपीवर शिवलेल्या, मसुरीच्या दाण्याएवढ्या सेन्सरला ते कळतं, आणि टोपी ज्या दिव्याखाली असेल तिथे लॅपटॉपवर लाल ठिपका उमटतो.

गुरुवारी परीक्षक आले. टोपी स्टोरेजवर काम करणाऱ्या आपल्या उखर्डूभाऊंनी घालायची होती. पण आत थंडी वाजते म्हणून त्यांनी टोपीवरूनच मफलर गुंडाळला आणि ठिपका गायब. तीनदा समजावलं, तीनदा गुंडाळला. शेवटी आबा म्हणाले, "ती टोपी आन इकडे," आणि स्वतःच आत गेले. ठिपका झकास चालला. मग नऊ नंबरच्या दिव्याखाली थांबला, तो थांबलाच. नऊखाली काय असतं तुला माहीत आहे: बाजूला काढलेल्या, जास्त पिकलेल्या केळ्यांच्या फण्या. आणि आबांची साखर गेल्याच महिन्यात तीनशेवर गेलेली. आईने चहाचा ट्रे परीक्षकांच्या मांडीवर ठेवला (टेबल समजून) आणि आत धावली. मागोमाग आम्ही. नऊच्या कोपऱ्यात सहा ताजी सालं पडली होती. आबा पलीकडच्या क्रेटच्या रांगेआडून आले.

"मी एक बी केयं खादं नही," ते म्हणाले. "तुन्हं यंत्र खोटं शे."

परीक्षकांदेखत असं म्हटल्यावर मी काय करणार? म्हणालो, "आबा, यंत्र खोटं बोलत नाही." परीक्षक खूश. आई रडायला लागली. आबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि संध्याकाळच्या एसटीने तुझ्याकडे आले.

तर अक्का, तूच त्यांना समजाव. तुझं ऐकतात. या वयात पथ्य पाळावं, पोरांवर रुसू नये, एवढं सांग.

तुझा धाकटा,
हितेंद्र

ता. क. वायरमन जीवरामने चार आणि नऊ नंबरच्या दिव्यांची अदलाबदल केली होती, हे मला शुक्रवारी कळलं. म्हणजे आबा चार नंबरच्या जागी हिरवी केळी चाचपत उभे होते. ती तर माकडही खात नाही.

ता. ता. क. सालं माझी होती. परीक्षेच्या भीतीने सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं.

ता. ता. ता. क. वरचे दोन ता. क. फाडून बाकीचं आबांना वाचून दाखव, असं लिहिणार होतो. पण चार दिवस झाले, कोल्ड स्टोरेजमध्ये मला कोणी शिवी दिलेली नाही, आणि ते सहन होत नाही. सगळंच वाचून दाखव. परीक्षकांना आज फोन करून खरं सांगितलं. पुन्हा यायला तयार आहेत (या वेळी चहा नको म्हणाले). शनिवारी मी आबांना न्यायला येतो. दार मात्र दाजींना उघडायला सांग.