फाटकावरची पाळी

४ ऑक्टोबर
किल्फर्नला पोचले. चर्च, पाळकाचं घर आणि शाळा, तिन्ही एकाच दगडी कुंपणात. महिनाअखेर शेवटची उपासना, मग सगळं विकायचं. त्याआधी मोजमापं घेऊन नकाशे करणं माझं काम. राहायला पाळकाचं अख्खं घर; इतक्या खोल्या मला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. शेजारी शाळेच्या घरात निवृत्त मास्तरीणबाई राहतात, मिसेस गन. त्यांनी शेगडी पेटवून बार्लीचं सूप करून ठेवलं होतं. माझी मोजणीची दुर्बीण तिकाटण्यावर चढलेली पाहून म्हणाल्या, तीन पायांचा नवरा बरा, गुत्त्यात जात नाही. मला एफी म्हण, असंही बजावलं.

७ ऑक्टोबर
चर्चची उत्तरेची भिंत ओळंब्यात नाही, जरा कललीय, पण टिकेल. दुपारी एफीनं इथली रीत सांगितली. चर्चच्या दफनभूमीत जो शेवटी पुरला जातो तो फाटकावर पहारा देतो. पुढचा आला की त्याची सुटका. फेब्रुवारीपासून तिच्या नवऱ्याची, हेक्टरची पाळी आहे. चर्चबरोबर दफनभूमीही बंद होणार. मग हेक्टर कायमचाच उभा. तिनं विचारलं, तुझं कोण आहे गं? कुणी नाही, म्हटलं. मग तुला पुरणार कुठं? इथंच, मी म्हटलं, समुद्र दिसतो. चेष्टेत. ती हसली नाही. शब्द दिलास हं बाळ, म्हणाली, आणि ताटलीत केकचा आणखी एक तुकडा वाढला.

१२ ऑक्टोबर
डोकं दुखतंय. शेगडीचा धूर नीट ओढला जात नाही. धुराड्यात कावळ्यांचं घरटं असेल. एफीनं मर्डोला वर चढवलं. तो कबरी खणतो, छपरंही बघतो. उतरून म्हणाला, आता साफ आहे. माझ्याकडे बघितलं नाही. फाटकाशी टोपी घातलेला एक म्हातारा उभा होता. मी मान हलवली, त्यानंही.

१५ ऑक्टोबर
उलट्या. मोजमापं चुकताहेत. एरवी माझी चुकत नाहीत. एफी सूप भरवते, कोळसा घालते, खिडक्या लावून घेते. गारठशील, म्हणते. मर्डो हेक्टरच्या कबरीशेजारचं गवत कापत होता. कुणासाठी, विचारलं. जमीन गोठायच्या आत उघडून ठेवावी लागते, एवढंच म्हणाला. म्हातारा आजही तिथंच. बूट चिखलात, पण ठसे नाहीत. जाऊन पाहिलं.

१७ ऑक्टोबर
शेगडीमागची धुराची नळी सोडवली. घरटं नाही. गवतासकट कापलेली माती, वरून कोंबलेली. कडा सरळ, फावड्याच्या. शेगडी विझवली. एफीला तोंडावर विचारलं. तिनं नाकारलं नाही. तुला कुणीच नाही ना, बाळ. मला हेक्टरच आहे, म्हणाली. तिनं मला निजवून पांघरूण नीट केलं. नळी परत बसवली. कोळसा पुन्हा पेटवला. मला उठता येईना. मग बाहेरून कुलूप —

१८?
काच फोडायला हवी. हात उचलत —

बाहेर गावातले सगळे काळ्या कपड्यांत, हेक्टरशेजारच्या खड्ड्याभोवती. भर दुपारी. मी अजून जिवंत — डॉक्टरही त्यांच्यातच. परवा माझी नाडी धरून सर्दी आहे म्हणाला होता. कुणी वर बघत नाही.

एफी फाटकाशी. म्हाताऱ्यानं टोपी काढली. तिनं त्याचा हात धरला. दोघं घराकडे —

मी हाक मारली. ती थांबली. ऐकलं तिनं. पण वळली नाही, आणि हे फाटक माझ्या हाताला इतकं थंड कसं, मी तर खोलीत —