पंचावन्न मिनिटं, पाय न टेकवता

बुधवार, सकाळ

चिमणे,

आशीर्वाद. आधी तुझं कौतुक करते. गेल्या आठवड्यात तुझं पाकीट आलं, नीट चिकटवलेलं, आणि आत काहीच नाही! पत्र घालायलाच विसरलीस. मला काय, कोरं नि लिहिलेलं सारखंच. पण शेजारच्या शिंपीणबाईनं हातातलं शिवण टाकून ते उन्हात धरून पाहिलं बिचारीनं. काल खरं पत्र आलं. तिनंच वाचलं, हेही तीच लिहितेय. चुका तिच्या, अक्कल माझी.

इथे ठीक आहे. नळाला पाणी येतं, वरचा भाडेकरू अजून बेसूर गातो.

तुला सातवा लागला, आई नाही, म्हणून बाळंतपणाला आजीनं यावं, असं लिहिलंस. चारशे किलोमीटर, तुमच्या विमानतळापर्यंत पंचावन्न मिनिटं, 'डोळा लागेपर्यंत पोचशील.' तिकीटही काढलंस.

ते परत कर. माझे गुडघे त्या शिडीवर चढत नाहीत. तो पट्टा पोटाला काचतो. आणि सकाळी सकाळी कोण उठणार?

शिंपीण लिहायची थांबलीय. म्हणते, "आजी, पोरीला हे पटेल? मला तर पटत नाहीये." आगाऊ आहे. बरं, लिही.

तुझी आई तिकडे तुमच्या गावच्या दवाखान्यात होती, तेव्हा तिनं फोनवर माझ्या हातचं मिठातलं लिंबू मागितलं होतं. तोंडाला चव नव्हती तिच्या. मी बरणी घेऊन निघाले. विमानतळावरच्या माणसानं ती काढून ठेवली. "आजी, आत पाणी आहे, चालत नाही." पंचावन्न मिनिटांत पोचले, रिकाम्या हातानं. तिनं विचारलं, "लिंबू?" मी म्हटलं, "मागून येतंय गं." दोन दिवस ती दाराकडे बघत होती.

तिला इकडे घेऊन येताना आपण सगळे एकाच विमानात होतो. तू पुढच्या रांगेत, बापाच्या खांद्यावर. मी मागे. आणि ती खाली, सामान ठेवतात तिथे, पेटीत.

माझ्याच्यानं पाय टेकवले गेले नाहीत, चिमणे. सीटवर मांडी घालून बसले. तू एकदा वळून पाहिलंस. वाटलं असेल, म्हातारी घरच्यासारखी ऐसपैस बसलीय. ती विमानातली मुलगी म्हणाली, "आजी, पाय खाली सोडा." म्हटलं, "खाली माझी लेक आहे." तिला गंमत वाटली, हसली. विमान उतरताना मात्र तिनंच हात धरून पाय खाली सोडायला लावले. मनात लेकीला म्हटलं, पोरी, जरा सरक.

गुडघे तेव्हापासूनच धरलेत.

शिंपीण नाक ओढतेय. कागद भिजवू नकोस म्हटलं, दुसरा नाही.

तर मी येणार, पण बसनं. सकाळी निघाले की दिवेलागणीला तुझ्या दारात. दिवसभर हाडं खिळखिळी होतील, होऊ देत. खाली नुसता रस्ता असेल. आणि बसमध्ये बरणी कुणी काढून घेत नाही.

आता विसरू नकोस. तुझ्या बाजारातली लिंबं पाठव, पातळ सालीची, डाग नसलेली; इथे यंदा जाड सालीचीच मिळतात. मुरायला महिना लागतो, म्हणून याच आठवड्यात. मागून येतंय म्हटलं होतं, ते घेऊनच येते.

तुझ्या आईची आई

ता. क. लिंबं बसनंच पाठव.