आमेन म्हटल्यानंतर

४ ऑगस्ट

ती. बाबांना,
सप्रेम सलाम, वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. आधी बातमी ऐका आणि मग काय बोलायचं ते बोला. या शुक्रवारी आमच्या विद्यार्थी प्रार्थनासभेला एकसष्ट मुलं आली. एकसष्ट, बाबा! बारा वर्षांपूर्वी या कॉलेजात मी हे काम सुरू केलं तेव्हा तिघं होती, आणि त्यातला एक चुकून आलेला. त्याला बुद्धिबळाचा क्लब हवा होता. आता खोली पुरत नाही. तुमचे जावई त्यांच्या प्रयोगशाळेतली स्टुलं उचलून आणतात आणि पुटपुटतात की लग्न एकीशी केलं होतं, साठ जणांशी नाही. पुटपुटतात, पण दर शुक्रवारी न सांगता आणतात.

बाकीचे दिवस भेटींचे. आमच्या बाहेरच्या खोलीतल्या तपकिरी सोफ्यावर एकेक जण येऊन बसतो. कोणाचे पेपर वाईट गेलेले, कोणाचं घरी पटत नाही, कोणाला देव आहे की नाही इथपासून सुरुवात. प्रत्येकाला अर्धा तास. वेळ भरली की मी खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, चला, आपण प्रार्थना करू या. आमेन झालं की मूल आपणहून उठतं, कोणाला जा म्हणावं लागत नाही. ही हातोटी तुमचीच, आयती उचललेली! आणि एक माझी स्वतःची सांगते. कँटीनच्या दारातूनच मला कळतं कोण एकटं जेवतंय. अशा मुलाच्या मी समोर बसत नाही, शेजारी बसते, आणि काय झालं असं न विचारता डब्यात काय आहे ते विचारते. अर्धी सभा अशीच गोळा झाली आहे.

टिटवी मजेत आहे. सातवीत गेल्यापासून फार शहाणी झाली. पूर्वीसारखी दिवसभर टिवटिव नाही. शाळेतून येते, खोलीत जाते, वाचत बसते. मला तर हायसं वाटलं, कारण पुढच्या महिन्यात तीन दिवसांचं शिबिर आहे आणि माझं डोकं त्यातच आहे.

गुडघ्याला तेल लावा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
बयो


१० ऑगस्ट

चि. बयोस,
अनेक आशीर्वाद.

एकसष्ट! तुझं पत्र मी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. ते एका पेशंटच्या तोंडात हात घालून बसले होते, त्यामुळे दोघांनाही ऐकावं लागलं. पाळक म्हणून मी चाळीस वर्षं उभा राहिलो, पण माझ्या प्रवचनाला कोणी स्टुलं उचलून आणली नाहीत. अभिमान वाटतो गं पोरी, लपवून काय करू?

पण दुसऱ्या पानावर मी अडलो. टिटवी गप्प? एक दात पडला तर ज्या पोरीने मला चार पानं लिहिली, ती गप्प? जुलैपासून तिचं एकही पत्र नाही. मुलं हळूहळू शहाणी होतात. एका महिन्यात होतात तेव्हा मला धास्ती वाटते. म्हाताऱ्याला उद्योग नाही म्हणून नसते संशय घेतो, असं वाटलं तर तसं समज. पण बघ जरा तिच्याकडे. सोबत तिच्यासाठी बंद चिठ्ठी आहे, ती फोडायची नाही.

जावयांना म्हणावं, स्टुलं उचलताना कंबर सांभाळा. तुमचा सगळ्यांचा लोभ मला भरपूर पुरतो, तरी आणखी पाठवला तर परत करणार नाही.

तुझे,
बाबा


१६ ऑगस्ट

ती. आजोबांना,
साष्टांग नाही, पण बसल्या बसल्या सलाम.

तुमची चिठ्ठी मिळाली. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण आईला सांगायचं नाही. शप्पथ घ्या. घेतलीत? मग पुढे वाचा.

मी शाळेत एकटी डबा खाते. जूनमध्ये आमचे वर्ग बदलले. माझी मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली आणि तिला तिथे नवीन घोळका मिळाला. मी त्यांच्यात बसायला गेले तर त्या सरकल्या नाहीत. कोणी काही वाईट बोललं नाही, फक्त सरकल्या नाहीत. आता मी मैदानाच्या नळाजवळ उभ्यानेच खाते, म्हणजे लोकांना वाटतं की मी घाईत आहे.

मी आईला सांगणार होते. मागच्या मंगळवारी दोन मुलांच्या मधे वेळ होता, तेव्हा मी जाऊन सोफ्यावर बसले. मी म्हणाले की मला शाळा आवडत नाही. पुढचं मी सांगणारच होते, फक्त कुठून सुरू करायचं ते ठरवत होते. तेवढ्यात आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, चल, आपण प्रार्थना करू या. आजोबा, मी लहानपणापासून स्वयंपाकघरात बसून ऐकते आहे. आई असं म्हणाली की भेट संपते, हे मला माहीत आहे. मी आमेन म्हणाले आणि उठले. प्रार्थना छान होती. त्यात शाळेचं नाव पण घेतलं होतं.

आई वाईट नाही. ती फार चांगली आहे, कॉलेजातली सगळी मुलं म्हणतात. प्रार्थनेचं सांगितलंत तरी चालेल, पण नळाचं नाही. ते मला स्वतः सांगायचंय, कधीतरी.

तुमच्या डॉक्टरांना सांगा, माझी दाढ हलते आहे. आपलं प्रेम होतं तेवढंच ठेवा, कमी केलंत तर मला कळेल.

तुमची,
टिटवी


२० ऑगस्ट

चि. बयोस,
आशीर्वाद, आणि आज थोडे कडू बोल.

टिटवीचं पत्र आलं. तिने मला शब्दात बांधलं आहे, म्हणून काय ते सांगणार नाही. एवढंच सांगतो की जीवघेणं काही नाही, पण तिला जड झालं आहे. ते सांगायला ती तुझ्या त्या तपकिरी सोफ्यावर येऊन बसली होती. तू तिच्या खांद्यावर हात ठेवलास आणि प्रार्थना केलीस. तिला माहीत आहे बयो, की त्या हाताचा अर्थ ‘आता ऊठ’ असा होतो. तुझ्या एकसष्ट मुलांना माहीत नाही, तिला आहे.

तुला बोलायचा मला अधिकार नाही, कारण हातोटी माझी. तू अकरावीत होतीस. एका रविवारी उपासना संपल्यावर तू माझ्या कचेरीच्या दारात येऊन उभी राहिलीस. मला पुढची सभा होती. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून झकास प्रार्थना केली, तू आमेन म्हणालीस आणि गेलीस. तू काय सांगायला आली होतीस ते मला आजपर्यंत कळलं नाही. तुझ्या आईला कळलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, तेव्हाच पोरीला विचारायचं होतंत. पुढे तीही देवाघरी गेली, आणि माझं विचारायचं राहूनच गेलं. लाज वाटत राहिली ना!

तेव्हा निवृत्त पाळक तुला लेखी सांगतो आहे. लेकीजवळ जा आणि प्रार्थना करू नकोस. गप्प बस. देव समजून घेईल, मी त्याच्याशी बोलतो.

रागावलीस तर रागाव, पण माया तोडू नकोस.

तुझे,
बाबा


२६ ऑगस्ट

ती. बाबांना,
सप्रेम सलाम.

तुमचं पत्र वाचून आधी भांडी आपटली. मग यांच्यावर ओरडले. यांनी शांतपणे सांगितलं की पोरगी दीड महिना गप्प आहे हे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा मी शिबिराची यादी करत होते. मग मी रडले. कँटीनभर माणसं ओळखणारी बाई मी, आणि घरात काय चाललंय त्याचा पत्ता नाही!

पत्र पोचलं शुक्रवारी. सभेला दोन तास होते. मी शेवटच्या वर्षातल्या त्या लाजऱ्या पोराला फोन केला, बोलायला उभा राहिला की ज्याचे कान लाल होतात, आणि सांगितलं की आज सभा तू घे. तो म्हणाला त्याला जमणार नाही. मी म्हटलं, मलाही आज जे करायचंय ते जमणार नाहीसं वाटतंय.

मग मी मागच्या दाराच्या पायरीवर टिटवीच्या शेजारी जाऊन बसले. समोर नाही, शेजारी. घड्याळ आत ठेवून आले होते. तिने विचारलं, आज शुक्रवार आहे ना? मी हो म्हटलं. मी मटार सोलत होते, तीही सोलायला लागली. तीनदा माझा हात तिच्या खांद्याकडे निघाला आणि तीनदा मी तो टोपलीत घातला. बाबा, गप्प बसणं किती अवघड असतं हो! मटार संपले, तरी आम्ही रिकाम्या टोपलीशी बसून राहिलो. मग ती बोलली. नळाजवळ उभ्याने डबा खाते माझी पोर, घाईत असल्याचं सोंग करून. सगळं सांगून झालं आणि ती उठायला लागली, सवयीने. मी म्हटलं, बस ना, मला कुठे जायचंय? तेव्हा ती जी रडली, ती अंधार पडेपर्यंत.

सभेचं सांगायचं राहिलं. पोराचे कान लाल झाले, गाणं एका सुरात सुरू होऊन चार सुरांत संपलं, सभा पाऊण तास लांबली, आणि माझ्यावाचून कोणाचं काहीही अडलं नाही. ऐकून आधी माझं नाक फुगलं. मग इतका अभिमान वाटला की काय सांगू! शुक्रवार आता मुलंच सांभाळतील. मी शिबिराला एकच दिवस जाणार आहे.

आणि तुम्ही अजून विचारलं नाहीत, तरी सांगते. अकरावीत मला गणित झेपत नव्हतं. वर्गात सगळ्यांसमोर फळ्यापाशी रडले होते. तुम्ही फक्त असू दे म्हणावं, एवढंच हवं होतं. आता म्हणा. उशीर झालेला नाही.

तुमची माया होती म्हणून हे लिहायचा धीर झाला. ती अशीच राहू द्या.

तुमची,
बयो


३० ऑगस्ट

चि. बयोस,
असू दे, बाळ. असू दे. गणित मलाही येत नव्हतं.

तुझे,
बाबा


१८ सप्टेंबर

ती. आजोबांना,
आज उभं राहून सलाम, कारण बातमी मोठी आहे.

दाढ पडली. ती बातमी नाही.

आमच्या शाळेत एक नवी मुलगी आली आहे. सोमवारी डबा घेऊन मी नळाकडे गेले तर माझ्या जागेवर ती! उभ्याने खात होती, घाईत असल्यासारखी. मला लगेच कळलं. मी तिच्या समोर नाही उभी राहिले, शेजारी राहिले. काय झालं असं विचारलं नाही. डब्यात काय आहे ते विचारलं. तिने सांगितलं की तिला न आवडणारी भाजी आहे, मी म्हटलं माझ्याकडेही तीच, आणि आम्ही दोघी हसलो. आता आम्ही बसून खातो. परवा तिसरी आली तर आम्ही दोघी सरकलो. मुद्दाम जास्तच सरकलो.

हे मी आईला सोफ्यावर बसून सांगितलं. मधे एका मुलाची भेट होती, तर आईने त्याला बाबांकडे स्टुलं मोजायला पाठवून दिलं. मी सगळं सांगून संपवलं आणि आईकडे बघितलं. एकसष्टांचं सांगताना तिचा चेहरा फुलतो ना, त्याच्यापेक्षा जास्त फुलला होता, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. म्हणाली की हे मी तुला कधी शिकवलंच नव्हतं गं. मी सांगितलं की स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं. त्यावर तिचे कान लाल झाले. आईचे, आजोबा!

मग मीच तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आई, चल, आपण प्रार्थना करू या. ती केवढी दचकली! मी तिला सांगितलं, घाबरू नकोस, आमेन झाल्यावरही मी इथेच बसणार आहे.

आणि बसले.

आपला लोभ मी जपते आहे, तुमच्या बाजूने तुम्ही जपा.

तुमची,
टिटवी