ओल्या गवताचे गोळे

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

दगाने आज हँडलला सुतळी बांधली. मी पाहिलं आणि झाडू जागच्या जागी थांबला.

दगा सोसायटीचा नवा माळी. यांच्या जागेवर आलाय. हे जाऊन वर्ष झालं. लॉन कापायचं मशीन तेच — विजेचं, जुनं. हँडलखालचा दांडा दाबून धरला तर पातं फिरतं, सोडला की थांबतं. दोन तास दाबून अंगठा मोडून येतो, म्हणून त्याने दांडा बांधूनच टाकला. मी म्हटलं, सोड ती सुतळी. हसला. "काही व्हत नही, मावशी. माले सवय शे."

यांनाही सवय होती.

२८ ऑक्टोबर

पहाटे दव असतं. ओलं गवत कापलं की सुटं पडत नाही, पात्याभोवती चिकटतं. मग लॉनभर गोळे. गोळ्याखालचं गवत दोन दिवसांत पिवळं. आणि मोठा गोळा अडकला की मशीन घुरघुरून बंद. दगा ते आडवं करतो आणि आत हात घालतो — वायर लावलेलीच! आज तीनदा घातला. तिन्ही वेळा मी दुसरीकडे बघितलं.

३० ऑक्टोबर

मशीनच्या खोलीत ते वापरायची पुस्तिका सापडली. हिंदीत. कोसाडला घरी आणून दुपारभर वाचली. चाळिशीत मुलाच्या, प्रमोदच्या पुस्तकांवरून अक्षरं शिकले, अजून बोट ठेवूनच वाचते. दव सुकल्यावर कापा. पातं वर घ्या, एका वेळी गवताचा वरचा तिसरा हिस्साच काढा. गवत वाढलेलं असेल तर एका फेरीत अर्ध्या रुंदीचाच पट्टा कापा. पात्याला धार ठेवा. साफ करण्याआधी वायर काढा.

यांना हे सगळं न वाचता ठाऊक होतं. पण सात वाजता लोक चालायला येतात, त्याआधी काम उरकायचं असा सेक्रेटरी बन्सीलालभाईंचा हुकूम. म्हणून दवातच कापायचं.

संध्याकाळी त्यांना जाऊन सांगितलं, दहाला कापू द्या, गोळे होणार नाहीत, हात घालावा लागणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग यांचं नाव घेऊन म्हणाले, "बहन, गंगाराम लापरवाह था. दगा संभाल के करता है."

मी मान हलवली. हलवली मी!

३१ ऑक्टोबर

इथेच लिहिते. दुसरं कुणाला सांगू?

गेल्या वर्षी यांचा अंगठा सुजला. भाकरी मोडता येईना. मी माझ्या जुन्या साडीचा काठ फाडला, सोसायटीत गेले आणि दांडा हँडलला बांधून दिला. दोन गाठी मारल्या. हे खूश झाले. तिसऱ्या दिवशी कापताना लाइट गेली, गोळा अडकलेलाच होता. लाइट नाही म्हणून यांनी हात घातला. लाइट आली.

इस्पितळात नेईपर्यंत गेले. पोलिसांनी कागदावर लिहिलं — स्वतःची चूक. काठ कुणाला दिसला नाही, मी बोलले नाही.

दगाला हे सांगितलं तर तो सुतळी सोडेल. पण दगा आमच्याच गल्लीत राहतो. दिवस मावळायच्या आत प्रमोदला कळेल, आपल्या आईने बापाला — पुढे लिहवत नाही. एकच मुलगा. तो उठून गेला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

१ नोव्हेंबर

धीर झाला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

प्रमोद घरी होता. आठवडाभर कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर उभा असतो, पाय सुजतात. जेवायला वाढताना दोनदा तोंड उघडलं. "काय गं आई?" म्हणाला. मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारलं.

३ नोव्हेंबर

सकाळी साडेसहाला लाइट गेली. मशीन अडकलेलं. दगाने ते आडवं केलं आणि वाकला.

मी कशी धावले आठवत नाही. बोर्डातून वायर उपटली. ती हातात असतानाच रस्त्याचे दिवे परत लागले. दगा दिव्यांकडे बघत राहिला, मग आपल्या हाताकडे.

लवकर चालायला आलेले लोक थांबले. बन्सीलालभाईही. सगळ्यांसमोर बोलले. "तेव्हा दांडा मी बांधला होता. गाठ माझी होती. माझा नवरा लापरवाह नव्हता."

दगाने खाली बसून सुतळी सोडली. गाठ सुटेना, मग दातांनी तोडली.

घरी आले. दार लोटून बसले. प्रमोद यायचाय.

४ नोव्हेंबर

प्रमोद काल आला तो चपला न काढता दारातच उभा राहिला. त्याला कळलं होतं. म्हणाला, "आई, इस्पितळातून मी सोसायटीत गेलो होतो. मशीनवरचा तो काठ मीच सोडला, पोलीस यायच्या आधी. साडी ओळखली मी. बाबा निष्काळजी होते, हा जबाबही माझाच आहे."