तळ्याकाठचं गोल उद्यान

४ जानेवारी, पहाटे ५
(प्रत्यक्षात सव्वासात. पण उठायचं पाचला ठरलं होतं, म्हणून नोंद पाचची.) नगरपरिषदेच्या नियोजन समितीचा अध्यक्ष झालो. दोन संकल्प: रोज तळ्याभोवती एक फेरी, आणि गावाचा पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा. आधीचे अध्यक्ष गटारांत अडकून पडले. म्हणजे कामात. मी लांबचं बघणार.

६ जानेवारी
फेरी झाली नाही. गार वारा होता. पुढाऱ्याने घसा जपावा.
आराखड्यात आज तळ्यावरून रोपवे घेतला. इंजिनिअर म्हणाला, तळ्याला चालत फेरी मारायला वीस मिनिटं लागतात. मी म्हणालो, आज लागतात. त्याने रोपवे आखून घेतला.

९ जानेवारी
नकाशा घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरला. हिने विचारलं, जेवायचं कुठे. व्हिजन सगळ्यांना नसतं. तीन तास एकाग्र चिंतन, मध्ये जरा डोळा लागला. चार कप चहा झाला.

१० जानेवारी
इंजिनिअरने विचारलं, साहेब, हे गोल काय? पाहिलं तर तळ्याच्या पूर्वेला खरंच एक नेटका, तपकिरी गोल. क्षणभर मलाही आठवेना. पण चिंतनात माणसाच्या हातून काय काय होऊन जातं. सांगून टाकलं, वर्तुळाकार उद्यान. त्याने नकाशाला नाक लावून वास घेतला आणि मुकाट्याने लिहून घेतलं.
दुपारपर्यंत मला ते उद्यान स्पष्ट दिसायला लागलं. मधोमध कारंजंसुद्धा. गोलात सर्व्हे नंबर ११४ येतो. त्याच्यावर आरक्षण टाकायला सांगितलं, म्हणजे नगरपरिषदेने ती जागा ताब्यात घ्यायची आणि उद्यान करायचं. कोणाची आहे कोण जाणे.

१५ जानेवारी
इंजिनिअरचं टुमणं चालू: एकदा जागेवर चला, पाच मिनिटांवर आहे, शिवाय ११४ तुमच्या चांगल्या ओळखीचं आहे. मी बजावलं, ओळखीपाळखीवर आराखडे होत नाहीत. जागा बघितली की माणूस तिथल्या पायऱ्या, झाडं, कुंड्या यांच्यात गुंततो. आराखडा वरून बघायचा असतो. तो म्हणाला, बरं साहेब. हळूहळू शिकतोय.

२२ जानेवारी
जेवताना हिने विचारलं, त्या नकाशात आपलं घर कुठे येतं हो? म्हटलं, लोकप्रतिनिधीने नकाशात स्वतःचं घर शोधू नये. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. भारावली असावी. भाजी मात्र परत वाढली नाही.

१ फेब्रुवारी
आराखडा कचेरीच्या फळ्यावर लागला. हरकतींसाठी तीस दिवस. हेडक्लार्कला म्हटलं, एकही येणार नाही. फळ्यापुढे गर्दी असते. लोक गोलाकडे बोट दाखवतात आणि हसतात. गावात आनंदाचं वातावरण आहे.

११ फेब्रुवारी
केमिस्टबाई विरोधी गटाच्या. गेली सात वर्षं माझ्या प्रत्येक ठरावाला आडव्या. आज मला दुकानात बोलावून म्हणाल्या, काही झालं तरी उद्यान सोडू नका. वर खोकल्याच्या गोळ्या फुकट दिल्या. विरोधक विरघळले.
फेरी: उद्यापासून.

२ मार्च
मुदत संपली. हरकत आली एकच. निळी शाई, ठसठशीत अक्षर, कुठेतरी पाहिल्यासारखं. हेडक्लार्क म्हणाला, वाचा तरी. पहिल्याच ओळीत 'माझे स्वयंपाकघर' दिसलं आणि पुढे वाचायचं कारण उरलं नाही. पंचवीस वर्षांपुढे एका स्वयंपाकघराचं काय घेऊन बसलात? 'फेटाळली' असं लिहून सही केली. सही फार छान आली.
घरी हिने बोलणं बंद केलंय. कारण विचारलं नाही. शांततेत काम बरं होतं.

१० मार्च
सर्वसाधारण सभा. शेवटच्या क्षणी मी एक कलम घातलं: आराखड्यात पंचवीस वर्षं कसलाही बदल नाही, खुद्द अध्यक्षाने विनंती केली तरी नाही. केमिस्टबाईंनी उभं राहून अनुमोदन दिलं. एकमताने मंजूर. टाळ्या थांबेनात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केमिस्टबाईंच्याही आलं, त्या तर तोंडात रुमाल धरून बसल्या होत्या.

१८ मार्च, सकाळी ९
दाढी करत होतो. दारात इंजिनिअर आणि दोन माणसं. वाटलं, सत्कार. पण ते टेप घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले. टेपचं एक टोक गॅसपाशी, दुसरं बाथरूमच्या दारात माझ्यापाशी. मी धरलं. सहकार्य म्हणून.

९.२०
इंजिनिअरने ओट्यामागच्या भिंतीवर लाल रंगात ११४ लिहिलं. कारंजं आमच्या बेडरूममध्ये येतं.

९.२५
अर्धी दाढी राहिली आहे.

१९ मार्च
हेडक्लार्कला सांगितलं, आरक्षण काढून टाक. त्याने कलम वाचून दाखवलं. असलं कलम कोणी घातलं, म्हणून मी आवाज चढवला. त्याने सही दाखवली.
अपील होऊ शकतं, पण ज्याने हरकत घेतली त्यालाच करता येतं. कोणी घेतली होती, हेही त्याने दाखवलं.

२० मार्च
चहा मी केला. हिने घेतला. साखर विसरलो होतो, बोलली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, अपील करते. पण हरकत न वाचता फेटाळली, असं अध्यक्षांच्या हातचं लेखी लागेल. मी सुचवलं, 'कार्यबाहुल्यामुळे अवलोकन राहून गेले' असं लिहू. नको म्हणाली. दूरदृष्टीचा ओझरता उल्लेख? तोही नको.
या घरात तेवीस वर्षं झाली. ओट्यापाशी उभं राहिलं की खिडकीतून पूर्ण तळं दिसतं, हे आज चहा करताना कळलं. खरं सांगायचं तर घाबरलो आहे.

२३ मार्च, दुपारी १२
लिहून दिलं. 'मी हरकत न वाचता फेटाळली.' खाली सही, या वेळी जरा वाकडी आली.
हेडक्लार्कने चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. म्हणाला, साहेब, अध्यक्ष झाल्यापासून तुमच्या हातचा हा पहिलाच कागद, ज्यात काही दुरुस्त करावं लागलं नाही.